करुणेवर चालणारे पुनर्वसन

५ मे २०२० रोजी कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांनी बेंगळूरमधील बांधकाम व्यावसायिकांशी चर्चा केली आणि त्यानंतर काही तासांतच परप्रांतीय मजुरांसाठी सुटणाऱ्या विशेष गाड्यांची मागणी राज्य सरकारने रेल्वेकडून मागे घेतली. टाळेबंदी शिथिल होत होती, अर्धवट इमारती उभ्या होत्या, आणि मजूर गावी गेले तर कामे कोण करणार, हा प्रश्न व्यावसायिकांपुढे होता. देशभर टीकेची झोड उठल्यावर दोन-तीन दिवसांत हा निर्णय फिरवण्यात आला. मात्र तेवढ्या अवधीत एक गोष्ट उघडी पडली. ज्या माणसाला शहराने कामासाठी बोलावले, त्याला शहरात राहण्याची हमी नव्हती आणि गावी परतण्याचे स्वातंत्र्यही नव्हते. तो ना पुरता नागरिक होता, ना कायद्याच्या भाषेत विस्थापित.

त्या दिवसांत बेंगळूरच्या रस्त्यांवर या माणसांना जेवू घालणाऱ्यांत अनेक जण होते. गुरुद्वारांचे लंगर होते, मशिदींच्या समित्या होत्या, संघाचे स्वयंसेवक होते, डाव्या कामगार संघटना होत्या, माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरदार तरुण होते. आणि शहरातील कॉन्व्हेंटमधून बाहेर पडलेल्या कॅथलिक धर्मभगिनीही होत्या. इतरांचे मदतकार्य साथ ओसरल्यावर स्वाभाविकपणे थांबले. धर्मभगिनींचे तसे झाले नाही, कारण त्यांच्यापैकी अनेकींसाठी ते नैमित्तिक कार्य नव्हतेच. स्थलांतरित मोलकरणी, कापड कारखान्यांतील मुली, पाडलेल्या झोपडपट्ट्यांतील कुटुंबे यांच्यात त्या आधीपासून वावरत होत्या आणि नंतरही वावरत राहिल्या. म्हणूनच विस्थापितांविषयीच्या आपल्या राज्यव्यवस्थेच्या भूमिकेची परीक्षा घ्यायची, तर या भगिनींशी राज्यव्यवस्था कशी वागते, हे पाहणे उपयुक्त ठरते.

त्यासाठी बेंगळूरहून दिल्लीत, संसद भवनात यावे लागेल. सप्टेंबर २०२० मधील पावसाळी अधिवेशन कोरोनाच्या सावटाखाली भरले होते. पहिल्याच दिवशी, १४ सप्टेंबरला, टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर दगावले या प्रश्नावर श्रम मंत्रालयाने लोकसभेत लेखी उत्तर दिले की अशी माहिती ठेवली जात नाही. एक कोटी चार लाखांहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतल्याचा आकडा मात्र सरकारपाशी होता. त्यांत उत्तर प्रदेशचे ३२ लाखांहून अधिक आणि बिहारचे सुमारे १५ लाख होते. गेले किती ते मोजले, वाटेत राहिले किती ते मोजले नाही, असा त्या उत्तराचा अर्थ होता.

नऊ दिवसांनी, २३ सप्टेंबरला, राज्यसभेत एकाच दिवशी दोन विषयांवरील विधेयके मंजूर झाली. कृषी विधेयकांवरील गदारोळानंतर आठ सदस्यांना निलंबित केल्यामुळे विरोधकांनी बहिष्कार टाकला होता, आणि त्यांची बाके रिकामी होती. त्या वातावरणात तीन कामगार संहिता संमत झाल्या. त्याच दिवशी विदेशी अंशदान नियमन कायद्यातील, म्हणजे प्रचलित भाषेत ‘एफसीआरए’मधील, दुरुस्तीही संमत झाली. पहिल्या विषयाचा संबंध स्थलांतरित मजुराशी होता, दुसऱ्याचा त्याला मदत करणाऱ्या संस्थांशी. दोन्हींचा एकत्र विचार त्या दिवशी कोणी केला नाही, आणि त्यानंतरही फारसा झालेला नाही.

आधी मजुराचे पाहू. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात कंत्राटदाराने मजुराला ‘विस्थापन भत्ता’ द्यावा, अशी तरतूद होती. तिची अंमलबजावणी जवळपास नव्हतीच, हे खरे. पण घर सोडून परमुलखात कामाला जाणे ही एक हानी आहे आणि तिची भरपाई देणे मालकपक्षाचे कर्तव्य आहे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले होते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत हा कायदा विलीन झाला. त्यात प्रवासभत्ता उरला, विस्थापन भत्ता गळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता अमलात आल्या आहेत. मजुराची व्याख्या विस्तारली, स्वतःहून आलेल्या मजुरालाही संहितेच्या कक्षेत स्थान मिळाले, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु ‘विस्थापन’ हा शब्द मजुराच्या कायद्यातून निघून गेला, याचीही नोंद व्हायला हवी.

आता मदत करणाऱ्यांचे पाहू. २०२० च्या दुरुस्तीने विदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास मनाई केली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि देशातील प्रत्येक संस्थेला दिल्लीच्या संसद मार्गावरील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते उघडणे बंधनकारक केले. निधीच्या गैरवापराला आळा घालणे, हा सरकारचा सांगितलेला हेतू होता. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदी मुख्यत्वे वैध ठरवल्या. विदेशी देणगी घेणे हा कोणाचाही निरपवाद हक्क नाही, असे न्यायालयाने म्हटले. कायद्याच्या दृष्टीने तो विषय तेथे संपला. धोरणाच्या दृष्टीने मात्र संपलेला नाही.

देणगी वर्ग करण्यावरील बंदीचा परिणाम समजून घेण्यासाठी मदतकार्य प्रत्यक्षात कसे चालते, हे पाहावे लागते. शहरातील मोठ्या संस्थेकडे हिशेबनीस असतो, लेखापरीक्षण असते, परवाना असतो. वस्तीत काम करणाऱ्या चार भगिनींच्या छोट्या निवासाकडे यांतले काही नसते. तिच्याकडे असते ती वस्तीची ओळख. कोणत्या खोलीत कोण आजारी आहे, कोणाचे शिधापत्र गावी राहिले आहे, कोणत्या मुलीला ठेकेदाराने दोन महिने पगार दिलेला नाही, हे तिला ठाऊक असते. पैसा मोठ्या संस्थेकडे आणि माहिती छोट्या निवासाकडे, अशी ही विभागणी आहे. दोहोंना जोडणारा दुवाच कायद्याने तोडला. संकटाच्या वेळी याचा फटका बसतो तो दिल्लीतील कार्यालयांना नव्हे, तर शेवटच्या टोकाच्या माणसाला.

बेंगळूर हे या संदर्भात आडवळणाचे उदाहरण नाही. कॅथलिक संघांच्या दृष्टीने ते देशातील एक प्रमुख केंद्र आहे. गुड शेफर्ड संघाच्या भगिनी येथे १८५४ मध्ये आल्या. त्यांनीच १८८६ मध्ये सेंट मार्था रुग्णालय सुरू केले. लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर या संघाचे होसूर रस्त्यावरील वृद्धाश्रम १९०० पासूनचे आहे. या काळाच्या पार्श्वभूमीला १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ होता. म्हैसूर संस्थानाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या त्यात नष्ट झाली, असे मानले जाते. खेडी ओस पडली, अन्नासाठी माणसे बेंगळूरकडे लोटली. आजच्या भाषेत ते अंतर्गत विस्थापितच होते. दुष्काळाने निराधार झालेल्यांची सोय हा मिशनच्या संस्थांच्या तत्कालीन कार्याचा मोठा भाग होता.

आजची भगिनी मात्र फ्रान्स वा आयर्लंडहून आलेली नाही. देशातील कॅथलिक धर्मभगिनींची संख्या सुमारे एक लाख सांगितली जाते आणि त्यांत केरळबरोबरच झारखंड, ओडिशा, छत्तीसगड आणि ईशान्येकडील आदिवासी मुलींचे प्रमाण मोठे आहे. अनेक संघांची प्रशिक्षणगृहे बेंगळूरमध्ये असल्याने या मुली तरुणपणीच तेथे येतात. परिणामी, सिमडेगा वा सुंदरगडहून आलेल्या बांधकाम मजुराशी त्याच्या भाषेत बोलू शकणारी व्यक्ती बेंगळूरच्या पालिका कार्यालयात सापडणे कठीण, पण जवळच्या कॉन्व्हेंटमध्ये सापडते. ती स्वतःच स्थलांतरित आहे. कामगार विभाग अथवा पोलीस ठाण्यापाशी हे भाषेचे भांडवल नाही आणि ते उभे करण्याचा प्रयत्नही झालेला नाही.

दुसरा गैरसमज पैशाविषयीचा आहे. हे सारे कार्य विदेशी पैशावर चालते, असे गृहीत धरले जाते. विदेशी निधीचा वाटा आहेच. पण शाळा-रुग्णालयांत नोकरी करणाऱ्या भगिनींचे वेतन संघाच्या सामाईक तिजोरीत जमा होते, हाही एक प्रमुख स्रोत आहे. या वेतनावर प्राप्तिकर कापावा की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या व्यक्तीचे वेतन तिचे नसते, असा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने तो अमान्य केला आणि ९३ याचिका फेटाळल्या. वेतन व्यक्तीला मिळते, ते तिने कोणाला दिले हा तिचा प्रश्न, असा तो निवाडा. तर्क बिनतोड आहे. मात्र त्यातून निघणारा दुसरा निष्कर्षही मान्य करावा लागेल. वस्तीतल्या शिध्यामागे अनेकदा भारतीय करदात्या स्त्रीने भारतीय शाळेत कमावलेला पैसा असतो.

मदत करणे आणि हक्क मागणे यांतील अंतर या भगिनींपैकी काहींनी ओलांडले, हा इतिहासही विसरता येत नाही. मूळच्या बेल्जियमच्या सिस्टर जीन डेव्होस यांनी १९८५ मध्ये राष्ट्रीय घरकामगार चळवळ सुरू केली. मुंबई हे तिचे केंद्र राहिले. घरकाम करणाऱ्या स्त्रिया बहुतांशी स्थलांतरित होत्या आणि त्यांना दयेपेक्षा किमान वेतन, सुटी व ओळखपत्र हवे होते. कर्नाटकाने २००४ मध्ये घरकामगारांसाठी किमान वेतन अधिसूचित केले, त्यामागे अशा संघटनांचा दीर्घ पाठपुरावा होता. झारखंडमधील पाकुड जिल्ह्यात कोळसा खाणीसाठी उठवल्या जाणाऱ्या संथाळांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सिस्टर वल्सा जॉन यांची १५ नोव्हेंबर २०११ रोजी हत्या झाली. अन्न वाटणारी भगिनी साऱ्यांनाच चालते. जमिनीचा कागद मागणारी अडचणीची ठरते. हा अनुभव कोणत्याही एका पक्षाच्या राजवटीपुरता मर्यादित नाही.

बेंगळूरमध्ये विस्थापनाचे प्रश्न गेल्या दशकात वारंवार उभे राहिले. ऑगस्ट २०१२ मध्ये आसाममधील कोक्राझारच्या हिंसाचारानंतर अफवांनी थैमान घातले आणि ईशान्येकडील हजारो तरुण बेंगळूरहून गुवाहाटीच्या गाड्यांनी निघून गेले. सुशीलकुमार शिंदे यांनी केंद्रीय गृहमंत्रिपदाची सूत्रे घेऊन तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला होता. एकगठ्ठा लघुसंदेशांवर १५ दिवसांची बंदी आली, संसदेत सर्वपक्षीय चर्चा झाली आणि ‘देश तुमचा आहे’ असा दिलासा सभागृहाने एकमुखाने दिला. जानेवारी २०२० मध्ये बेंगळूरच्या करियम्मन अग्रहार भागातील झोपड्या रहिवासी बांगलादेशी असल्याच्या संशयावरून जमीनदोस्त करण्यात आल्या. त्यांत कर्नाटकातीलच आणि इतर राज्यांतील भारतीय मजूर राहत होते, हे नंतर पुढे आले. कर्नाटक उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने या कारवाईवर कठोर ताशेरे ओढले. त्याच वर्षी, भाड्याचे पैसे नाहीत म्हणून मजुराला गावी परतण्यापासून रोखता येणार नाही, ही भूमिकाही याच खंडपीठाने घेतली.

त्यानंतर मणिपूर आले. ३ मे २०२३ रोजी उसळलेल्या हिंसाचाराने सुमारे ६० हजार लोक बेघर झाले आणि अडीचशेहून अधिक मृत्युमुखी पडले. विस्थापितांत कुकी-झो आहेत तसेच मैतेईही आहेत. काही कुटुंबे आणि विद्यार्थी दिल्ली, बेंगळूर, गुवाहाटी येथे पोहोचले. त्यांना निवारा, शाळाप्रवेश, वसतिगृहातील जागा मिळवून देण्यात जातीय संघटना, विद्यार्थी मंडळे आणि चर्चच्या संस्था पुढे होत्या. संसदेने या प्रश्नाला किती वेळ दिला? ऑगस्ट २०२३ मध्ये अविश्वास ठराव आणावा लागला, तेव्हा तीन दिवस चर्चा झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती राजवट लागू झाली. तिला मंजुरी देणारा ठराव एप्रिलमध्ये वक्फ विधेयकावरील प्रदीर्घ चर्चेनंतर मध्यरात्र उलटून गेल्यावर लोकसभेपुढे आला आणि तासाभराच्या आत निकाली निघाला. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन माजी महिला न्यायमूर्तींच्या समितीत मुंबई उच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्ती शालिनी फणसळकर-जोशी होत्या. तपासावरील देखरेख महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक दत्ता पडसलगीकर यांच्याकडे सोपवली गेली. पुनर्वसनासाठी न्यायालयाला समिती नेमावी लागली, याचे कारण साधे होते. अंतर्गत विस्थापितांसाठी या देशात कायदाच नाही.

हे विधान थोडे स्पष्ट करायला हवे. धरणासाठी, खाणीसाठी, रस्त्यासाठी जमीन गेली, तर २०१३ चा भूसंपादन कायदा आहे. पूर आला, भूकंप झाला, तर २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. पण दंगलीने, अफवेने, टाळेबंदीने, बुलडोझरने माणूस उठला, तर त्याला ‘विस्थापित’ म्हणून नोंदवणारे कार्यालय नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९९८ मध्ये अंतर्गत विस्थापनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. आफ्रिकी देशांनी २००९ मध्ये कंपाला येथे त्यावर बंधनकारक करार केला. आपल्यापेक्षा दुर्बळ अर्थव्यवस्थेच्या अनेक देशांनी तो स्वीकारला. भारताने या दिशेने पाऊल टाकलेले नाही. निर्वासितांबाबतही तेच. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची स्वाक्षरी नाही. शशी थरूर यांनी मांडलेली आश्रयविषयक खासगी विधेयके पुढे सरकली नाहीत. आणि सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या इमिग्रेशन व परदेशी नागरिकविषयक कायद्यात चार जुने कायदे एकत्र झाले, पण निर्वासिताची वेगळी व्याख्या झाली नाही.

कायद्यात व्याख्या नसली की प्रशासनाला जबाबदारी उरत नाही. मग मदत उरते ती कोणाच्या तरी सद्बुद्धीवर. बेंगळूरच्या कॉन्व्हेंटचे दार उघडे असले तर निवारा, नसले तर पदपथ. भगिनींचे मोठेपण मान्य करूनही म्हणावे लागते, की ही स्थिती लोकशाहीला शोभणारी नाही. मेहरबानीने मिळालेल्या भाकरीची पावती नसते, आणि ती बंद झाली तर दाद मागण्याची सोयही नसते.

या भगिनींच्या कार्यावरील मुख्य आक्षेप धर्मांतराचा आहे. तो हेटाळणीने उडवून लावणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. महाराष्ट्राला या वादाचा जुना अनुभव आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात हिंदू विधवा ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याचा आरोप झाला, तेव्हा ‘केसरी’ने टीका केलीच, पण न्या. महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे सुधारकही १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून बाहेर पडले. म्हणजे शंका घेणारे सारेच संकुचित होते, असे नव्हे. त्याच रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणून केडगावला त्यांचे प्राण वाचवले, हेही तितकेच खरे. भुकेलेला माणूस आणि अन्न देणारा माणूस यांच्यात समानता नसते. त्या विषमतेचा लाभ घेऊन श्रद्धा बदलवणे अनैतिक आहे, यावर दुमत होण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो कायद्याने त्यावर काय उपाय करावा, हा. कर्नाटकच्या २०२२ च्या धर्मस्वातंत्र्य संरक्षण कायद्यात ‘प्रलोभना’ची व्याख्या भेटवस्तू, नोकरी, धार्मिक संस्थेच्या शाळेतील मोफत शिक्षण, चांगले जीवनमान येथपर्यंत ताणली गेली. बेंगळूरचे आर्चबिशप पीटर मचाडो यांनी तिला जाहीर विरोध केला. २०२३ मध्ये आलेल्या काँग्रेस सरकारच्या मंत्रिमंडळाने जूनमध्ये हा कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला. पक्ष बदलला की व्याख्या बदलते. मधल्या काळात बेघर मुलीला वसतिगृहात जागा देणारी भगिनी गुन्हा करते की उपकार, हे ठरते ते ठाण्याच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या दुर्ग रेल्वे स्थानकावर जे घडले, ते याच संदिग्धतेचे फलित होते. नारायणपूर भागातील तीन तरुणींना आग्र्याला कामासाठी घेऊन जाणाऱ्या केरळच्या दोन धर्मभगिनींना बजरंग दलाच्या कार्यकर्त्यांच्या तक्रारीवरून मानवी तस्करी आणि धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली. २ ऑगस्टला बिलासपूरच्या विशेष न्यायालयाने त्यांना जामीन दिला. मधल्या आठवड्यात संसदेच्या मकरद्वारापाशी केरळमधील दोन्ही आघाड्यांचे खासदार फलक घेऊन उभे होते. छत्तीसगडमधील भाजप सरकार कारवाईचे समर्थन करत होते, तर केरळमधील भाजप नेतृत्व सुटकेसाठी धडपडत होते. ख्रिस्ती मतांचे गणित दोन राज्यांत वेगळे असल्याने एकाच पक्षाच्या दोन भूमिका झाल्या, हे राजकारण झाले. त्यापलीकडचा मुद्दा असा, की कामासाठी परराज्यात जाणाऱ्या आदिवासी मुलीची नोंद ठेवणारी विश्वासार्ह सरकारी यंत्रणा असती, तर तिच्यासोबत कोण आहे, या प्रश्नाचा निर्णय फलाटावर जमावाला करावा लागला नसता.

सरकारचे वर्तनही संशयाला जागा देणारे आहे. २०२१ च्या नाताळच्या दिवशी मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी संस्थेच्या विदेशी देणगी परवान्याचे नूतनीकरण नाकारले गेले. ‘प्रतिकूल माहिती’ मिळाल्याचे कारण देण्यात आले. ती माहिती कोणती, हे जाहीर झाले नाही. जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात परवाना पुन्हा बहाल झाला. प्रतिकूल माहितीचे काय झाले, हेही कळले नाही. आजवर विविध कारणांनी २० हजारांहून अधिक संस्थांचे परवाने रद्द झाले आहेत. त्यांत नियम न पाळणाऱ्या संस्था अर्थातच आहेत. पण कारणे न देता नाकारणे आणि कारणे न देता बहाल करणे, या दोन्हींतून एकच संदेश जातो: परवाना नियमावर नव्हे, मर्जीवर अवलंबून आहे.

याची दुसरी बाजू चर्चच्या अंगणात आहे. हजारो भगिनींच्या श्रमांवर उभ्या असलेल्या या कार्याचे निर्णय अनेकदा बिशप आणि धर्मगुरू घेतात. वस्तीतील भगिनीचे मत वरपर्यंत पोहोचतेच असे नाही. मदतकार्याचे हिशेब सरकारला सादर होतात, समाजाला सहजी पाहायला मिळत नाहीत. मदत घेणाऱ्याकडून प्रार्थनेची अपेक्षा ठेवली जाणार नाही, असे लेखी आचारसंहितेत जाहीर करणे आणि तक्रारीसाठी बाहेरची व्यक्ती नेमणे, हे चर्चला अशक्य नाही. जी संस्था सरकारकडे पारदर्शकता मागते, तिने ती आपल्या घरातून सुरू करणे रास्त ठरेल. त्याने विरोधक गप्प बसतील असे नाही. पण विस्थापिताचा सन्मान त्यात आहे.

महाराष्ट्राच्या वाचकाला आश्रयाची परंपरा शिकवावी लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छावण्यांतून सुटलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे थारा मिळाला. ते कॅथलिक होते, परभाषी होते, आणि त्यांच्या धर्माची चौकशी करून कोणी त्यांना धान्य नाकारले नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकापुढे पुष्पचक्र वाहिले, तेव्हा या आदरातिथ्याचा देशाने अभिमानाने उल्लेख केला. तो अभिमान सार्थ आहे. पण वळिवडे ही केवळ करुणा नव्हती. तेथे छावणी होती, नोंदवही होती, शाळा होत्या, दवाखाना होता आणि जबाबदार प्रशासन होते. करुणेला व्यवस्थेची जोड मिळाली, म्हणून ती पाच वर्षे टिकली.

तीच जोड आज हवी आहे, आणि त्यासाठी तीन गोष्टी संसदेच्या आवाक्यात आहेत. पहिली, अंतर्गत विस्थापितांसाठी स्वतंत्र कायदा: विस्थापनाचे कारण काहीही असो, ठरावीक मुदतीत नोंदणी, निवारा, मुलांना शाळाप्रवेश आणि कागदपत्रांची पुनर्निर्मिती यांची हमी देणारा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजना देशभर लागू झाली आणि ई-श्रम पोर्टलवर ३० कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नोंद झाली. म्हणजे यंत्रणा उभी करता येते. हक्काचा पाया घालायचा राहिला आहे. दुसरी, विदेशी देणगी कायद्यात मदतकार्यापुरता अपवाद: घोषित संकटकाळात नोंदणीकृत संस्थेला छोट्या स्थानिक गटांकडे निधी वर्ग करण्याची, हिशेबाच्या अटीवर, मुभा, आणि परवाना नाकारल्यास ठरावीक मुदतीत लेखी कारणे. तिसरी, धर्मांतरविरोधी कायद्यांत अन्न, निवारा, औषध आणि शिक्षण यांची निरपेक्ष मदत ‘प्रलोभना’च्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळणे. अट घालून मदत दिल्याचा पुरावा असेल, तर शिक्षा जरूर व्हावी. पण पुरावा देण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असावी.

यातले काहीही एका धर्माला झुकते माप देणारे नाही. जे नियम कॉन्व्हेंटला लागू होतील, तेच लंगरला, मठाला, मशिदीच्या समितीला आणि संघाच्या सेवाकार्याला लागू होतील. उलट, विस्थापिताचा हक्क कायद्याने मान्य झाला, तर कोणत्याही धर्मसंस्थेच्या उपकाराखाली दबण्याची वेळच त्याच्यावर येणार नाही. धर्मांतराची चिंता खरोखर वाहणाऱ्यांनी या कायद्याचा आग्रह सर्वांत आधी धरायला हवा. कारण ज्याच्या हातात हक्काची शिधापत्रिका आहे, त्याला भाकरीसाठी श्रद्धा गहाण टाकावी लागत नाही.

२३ सप्टेंबर २०२० च्या राज्यसभेच्या कामकाजाच्या नोंदीत दोन्ही विषय एकाच दिवसाच्या पानांवर आहेत. मजुराच्या कायद्यातून विस्थापन हा शब्द त्या दिवशी गेला, आणि त्याच्याजवळ पोहोचणाऱ्या हातांवर बंधने आली. बेंगळूरच्या भगिनी त्यानंतरही वस्तीत जात आहेत, कारण त्यांनी घेतलेल्या व्रताला संसदेची मंजुरी लागत नाही. संसदेने घेतलेल्या व्रताचे, म्हणजे राज्यघटनेतील २१ व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला दिलेल्या जीविताच्या हमीचे, तसे नाही. ते पाळण्यासाठी विधेयक मांडावे लागेल, त्यावर मतदान घ्यावे लागेल, आणि त्या वेळी सभागृहातील दोन्ही बाजूंची बाके भरलेली असावी लागतील.